बार्शी ते एअट: शॉच्या मागावर चार दिवस

पहिला दिवस

लंडनमध्ये मला मनापासून बघायची होती ती एका चर्चची ओसरी. बाकी राजवाडा, ते मोठं चाक, घड्याळाचा मनोरा हे सगळं भाचीनं आधीच्या आठवड्यात उरकून टाकलं होतं. आता उरलेले चार दिवस माझे, असं ठरलं होतं.

ओसरी कॉव्हेंट गार्डनमधल्या सेंट पॉल्स चर्चची. याच नावाचं मोठं घुमटवालं कॅथेड्रल वेगळं, हे वेगळं. इनिगो जोन्स या वास्तुकारानं १६३० च्या दशकात बांधलेलं. चौकाकडे तोंड करून चार जाडजूड खांब, वर त्रिकोणी कपाळपट्टी, खाली दगडी फरशी. नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'चा पडदा उघडतो तो इथेच. रात्रीचे सव्वा अकरा, धो धो पाऊस, नाटकं सुटलेली, गाड्या मिळत नाहीत, म्हणून शहरातले सगळे थर या ओसरीत दाटीवाटीनं उभे. त्यात फुलं विकणारी एक पोरगी आणि खांबाआड उभा राहून तिचं बोलणं टिपून घेणारा एक भाषातज्ज्ञ.

मी गेले तेव्हा लख्ख ऊन होतं आणि खांबांसमोर एक जण पेटत्या मशाली उडवत होता. पन्नासेक माणसं कोंडाळं करून उभी. मी ओसरीवर चढले आणि समोरच्या भल्या मोठ्या दरवाज्याकडे गेले, तर तो दरवाजा उघडतच नाही. नुसती शोभा. खरं दार पाठीमागे, गल्लीतून वळसा घालून, बागेतून. म्हणजे चौकाला दाखवायला एक तोंड आणि आत जायला दुसरं.

आता ही ओसरी मला एवढी का बघायची होती, ते सांगते. १९८४ साली मी बार्शीकडून पुण्यातल्या एका कॉलेजात डी.एड.ला गेले. गॅदरिंगला 'ती फुलराणी'तले दोन प्रवेश बसवायचे ठरले. पु. लं.नी 'पिग्मॅलियन'वरूनच ते नाटक केलेलं. भक्ती बर्वे आणि सतीश दुभाषी यांच्या प्रयोगांनी ते १९७५ पासून गाजत होतं, हे कुणाला सांगायला नको. फुलवाल्या मंजुळेचं काम मला मिळालं. बसवणारे सर सगळ्यांसमोर म्हणाले, "पहिल्या प्रवेशात हिला अभिनयसुद्धा करायला नको." सगळे हसले. मीही हसले. मी 'पानी' म्हणायची, 'कोन' म्हणायची, 'आनि' म्हणायची. दुसऱ्या प्रवेशात, मंजुळा शिकून सवरून झाल्यावर, तिच्या तोंडी शुद्ध 'ण' यायला हवा. महिनाभर मी जीभ टाळूला लावून घोकलं. आणि प्रयोगाच्या दिवशी घाबरून जिथं 'न' हवा तिथंही 'ण' घातला. 'मनाने'चं 'मणाणे' झालं. सभागृह जे फुटलं ते काही केल्या थांबेना. मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं.

त्यानंतर पस्तीसएक वर्षं मी शाळेत शिकवलं आणि पोरांच्या वह्यांमधल्या 'न'ला लाल शाईनं 'ण' करत राहिले. तेव्हा ओसरीवर उभी राहून खांबाआडच्या मास्तरावर नुसताच राग धरायचा, तर तेवढी सोय मला नव्हती.

मागच्या दारानं आत गेले. हे नटांचं चर्च. भिंतींवर नटनट्यांच्या नावांच्या पाट्या, एका कोनाड्यात एलन टेरी या थोर नटीच्या अस्थींचा चांदीचा करंडा. शॉनं या बाईंना वर्षानुवर्षं पत्रं लिहिली, तिनंही लिहिली, आणि दोघांनी प्रत्यक्ष भेटायचं मात्र कितीतरी काळ टाळलं. भेटलो तर पत्रं बिघडतील ही भीती असावी.

बाहेर फुलबाजार नाही. भाज्या-फळं-फुलांचा सगळा घाऊक बाजार १९७४ साली नदीपलीकडे नाइन एल्म्सला हलवला. फुलांच्या जुन्या मंडईत आता जुन्या बसगाड्यांचं संग्रहालय आहे. लंडनच्या फुलवालीचा बाजार उठला आणि पुढच्याच वर्षी आपल्याकडे मंजुळा टोपली घेऊन उभी राहिली.

रात्री भाचीकडे जेवताना तिला ऑफिसचा फोन आला. फोनवर तिचा आवाज बदलतो. 'र' जवळजवळ गायब होतो, वाक्याचं शेपूट वर जातं. मी बघत बसले. तीही बार्शीचीच. विचारलं तर म्हणाली, "कुणी शिकवलं नाही गं. ऐकून ऐकून झालं."

दुसरा दिवस

२९, फिट्झरॉय स्क्वेअर. गोल बाग, भोवती फिकट रंगाची उंच घरं. दारावर पाटी: शॉ इथे १८८७ ते १८९८ राहिला. शेजारी दुसरी पाटी व्हर्जिनिया वुल्फची. ती १९०७ मध्ये याच घरात आली. एकाच दारानं किती लिहिणारे आत घ्यावेत, असं वाटून गेलं.

शॉ जन्मानं डब्लिनचा, १८५६ चा. ब्रिटिश नाटककार म्हणून त्याचं नाव घेतलं की आयरिश माणसं कपाळाला आठ्या घालतात, आणि त्यांचं चूक नाही. पण विसाव्या वर्षी लंडनला आला तो पुढची चौऱ्याहत्तर वर्षं इंग्लंडातच राहिला. आई आधीच इथे येऊन गाणं शिकवत होती. तिच्या जिवावर त्यानं पाच कादंबऱ्या लिहिल्या आणि पाचही प्रकाशकांनी परत केल्या. तेव्हा त्याचं खरं घर म्हणजे ब्रिटिश म्युझियमची गोल वाचनखोली. तिथं थंडीत ऊब फुकट, पुस्तकं फुकट. पुढे त्याचा मित्र झालेल्या विल्यम आर्चरनं त्याला पहिल्यांदा पाहिलं ते इथेच: तांबूस दाढीचा एक फिकट पोरगा, समोर मार्क्सचं 'कॅपिटल' फ्रेंचमध्ये आणि शेजारी वाग्नरच्या ऑपेराची स्वरलिपी, दोन्ही आलटून पालटून वाचतोय.

फिट्झरॉय स्क्वेअरहून म्युझियमकडे चालत निघालं की टॉटनहॅम कोर्ट रोड ओलांडावा लागतो. मी सिग्नलला थांबले आणि एकदम आठवलं. 'पिग्मॅलियन'मधली फुलवाली एलायझा त्या ओसरीतल्या भाषातज्ज्ञाच्या, प्रोफेसर हिगिन्सच्या, घरी बोलणं शिकायला का जाते? डचेस व्हायला नाही. तिला टॉटनहॅम कोर्ट रोडच्या कोपऱ्यावर उभं राहून फुलं विकण्याऐवजी दुकानात आत उभं राहून विकायची असतात, आणि बोलणं सुधारल्याशिवाय दुकानवाले घेत नाहीत. फीसुद्धा ती स्वतः ठरवून जाते: तासाला एक शिलिंग. हिगिन्स हसत नाही, हिशेब करतो. हिच्या दिवसाच्या कमाईतलं एक शिलिंग म्हणजे लक्षाधीशानं साठ-सत्तर गिनी देण्यासारखं आहे, म्हणतो. सगळ्या नाटकात मला हा हिशेब सर्वांत आवडतो. माझ्या वर्गातल्या एका पोराची आई शिकवणीचे पैसे रुमालाच्या गाठीतून सोडून द्यायची, तेव्हा मला हा हिशेब आठवला नव्हता, हेही खरं.

आणखी एक गोष्ट मराठी वाचकाला सांगायलाच हवी. त्या ओसरीत हिगिन्सला भेटणारा कर्नल पिकरिंग हा हिंदुस्थानातून आलेला संस्कृतचा अभ्यासक आहे, बोलीभाषा म्हणून संस्कृतवर पुस्तक लिहिलेला. तो हिगिन्सला भेटायला आलेला असतो आणि हिगिन्स त्याला भेटायला हिंदुस्थानात निघालेला असतो. ध्वनिशास्त्राचा विषय निघाला की बोट आपल्याकडे वळणारच. पाणिनीच्या देशाला तेवढा मान होता.

म्युझियमच्या मोठ्या काचेच्या छताखाली मधोमध ती गोल वास्तू उभी आहे. १८५७ ची. मी तिला बाहेरून एक प्रदक्षिणा घातली आणि पायऱ्यांवर टेकले. शॉनं आपल्या मिळकतीतला एक तृतीयांश वाटा मृत्युपत्रात या म्युझियमला दिला. बाकी दोन वाटे डब्लिनच्या चित्रसंग्रहालयाला आणि लंडनच्या नाट्यशाळेला. आपल्या जवळच्या तीन जागांचं देणं फेडलं, असा साधा मामला. पण १९५६ साली 'पिग्मॅलियन'चं 'माय फेअर लेडी' हे संगीत नाटक झालं आणि पैसा धो धो वाहू लागला. गंमत अशी की जिवंतपणी 'पिग्मॅलियन'चं संगीतक करायला तो साफ नकार देत आला होता.

या भागात राहतानाच तो नाटककार झाला. १८९२ चं पहिलं नाटक झोपडपट्टीच्या भाड्यावर जगणाऱ्या सभ्य लोकांबद्दल. पुढच्या वर्षी लिहिलेलं 'मिसेस वॉरन्स प्रोफेशन' कुंटणखान्यांच्या मालकिणीबद्दल. त्यात तो बाईला दोष देत नाही; गिरणीत नि बारमध्ये बायकांना काय मजुरी मिळते ते विचारतो. ते नाटक सरकारी परीक्षकानं अडवलं आणि लंडनमध्ये त्याचा उघड प्रयोग व्हायला १९२५ उजाडावं लागलं. इंग्लंडनं नाटकांची ही पूर्वतपासणी १९६८ साली मोडीत काढली. आपल्याकडे मात्र रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आहे ते आहेच. इंग्रज गेले, त्यांची पेन्सिल आपण ठेवून घेतली.

तिसरा दिवस

पाय सुजले. सकाळ गरम पाण्याच्या बादलीत गेली, दुपारी पाऊस.

संध्याकाळी तरी हेमार्केटला जाऊन हिज मॅजेस्टीज थिएटर बाहेरून पाहून आले. ११ एप्रिल १९१४ ला 'पिग्मॅलियन' इंग्रजीतून इथे पहिल्यांदा उभं राहिलं. (त्याआधी सहा महिने व्हिएन्नात जर्मनमधून झालं होतं.) एलायझा झालेल्या मिसेस पॅट्रिक कॅम्बेल तेव्हा एकोणपन्नास वर्षांच्या होत्या. 'ब्लडी' हा तेव्हा शिवीच मानला जाणारा शब्द त्यांनी रंगमंचावर उच्चारला आणि त्याची चर्चा पेपरांतून चालली. हिगिन्सचं काम करणारे बीरबोम ट्री थिएटरचे मालकच. त्यांनी शेवटी एलायझाकडे फूल फेकायची स्वतःची भर घातली, म्हणजे प्रेक्षक गोड मानून घरी जातील. शॉ भडकला. एलायझा हिगिन्सशी लग्न करत नाही, हे पटवायला त्यानं पुढे नाटकाला लांबलचक पुरवणी जोडली. तरी लोकांनी काही ऐकलं नाही.

आता तिथं वर्षानुवर्षं 'फँटम ऑफ द ऑपेरा' चालू आहे. तिकीट बघितलं, रुपयांत हिशेब केला आणि समोर उभी राहून चहा प्यायले.

चौथा दिवस

भाचीनं सुट्टी टाकली. डबा मी केला: धपाटे आणि शेंगाची चटणी.

किंग्ज क्रॉसहून गाडीनं वेल्विन गार्डन सिटी, अर्धा तास. तिथून पुढे शॉच्या गावाला बस मिळेल या भरवशावर कुणी राहू नये. टॅक्सीवाल्याला मी ऐटीत सांगितलं, "अयोत सेंट लॉरेन्स." तो नुसता बघत राहिला. "अयोट?" पुन्हा नाही. भाचीनं फोनवर अक्षरं दाखवली तेव्हा त्याचा चेहरा उजळला. "ओह, एअट!" आणि निघाला. ज्याला इंग्रजी स्पेलिंगची चीड होती, त्याच्याच गावाचं नाव असं. मागच्या सीटवर मी हसले, पण बोलले काही नाही.

रस्ता एका गाडीचा, दोन्ही बाजूंनी झुडपांच्या उंच कडा. गाव म्हणजे मूठभर घरं. शॉ नि त्याची बायको शार्लट १९०६ मध्ये इथं भाड्यानं आले, पुढे १९२० साली घर विकत घेतलं. गावाची निवड त्यानं कशी केली, याची एक गोष्ट सांगतात: चर्चच्या आवारात सत्तर वर्षं जगलेल्या एका बाईचं थडगं दिसलं, त्यावर तिचा काळ थोडका होता असं कोरलेलं. सत्तर वर्षं जिथं थोडकी, ती हवा आपल्याला मानवेल, असं तो म्हणाला म्हणे. मानवली खरी. चौऱ्याण्णव वर्षं जगला.

घर मूळचं पाद्र्यासाठी बांधलेलं, लाल विटांचं. बाहेरून बघून कुणी दोनदा वळणार नाही. फाटकाच्या लोखंडातच 'शॉज कॉर्नर' घडवलेलं. आता जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे आणि ठरावीक दिवशीच उघडतं, तेव्हा आधी बघून जावं. आतलं सगळं तो नुकताच फिरायला गेल्यासारखं. दिवाणखान्याआधीच्या खोलीत खुंट्यांवर त्याच्या टोप्या, काठ्या, आणि पियानो. संध्याकाळी तो पियानोवर बसून शार्लटला गाऊन दाखवायचा. अभ्यासिकेत टाइपरायटर. नाटकं मात्र तो पिटमनच्या लघुलिपीत लिहायचा आणि ती उलगडून टाइप करायला सेक्रेटरी असायची. शिल्पकार रोदांनं केलेला त्याचा अर्धपुतळा आहे. 'पिग्मॅलियन' सिनेमाच्या पटकथेसाठी मिळालेला ऑस्करही याच घरातला. नोबेल १९२५ चं. त्याचे पैसे त्यानं स्वतः घेतले नाहीत, स्वीडिश साहित्य इंग्रजीत आणायला लावले.

मी सर्वांत जास्त वेळ उभी राहिले ती जेवणाच्या खोलीत. फायरप्लेसच्या फळीवर ओळीनं फोटो: गांधी, झेर्झिन्स्की, लेनिन, स्तालिन, नाटककार इब्सेन आणि नाट्यदिग्दर्शक ग्रॅनव्हिल-बार्कर. झेर्झिन्स्की म्हणजे रशियाच्या गुप्त पोलिसांचा पहिला प्रमुख. त्याच्या शेजारी आपले गांधीजी, खांद्यावर उपरणं. जेवताना रोज समोर हे बघायचा. तिथल्या स्वयंसेवक आजीबाईंनी माझ्याकडे पाहून जरा ओशाळल्यासारखं हसून मान हलवली. शॉ १९३१ साली रशियाला जाऊन आला आणि स्तालिनचे गोडवे गात राहिला. गिरणीतल्या पोरींच्या मजुरीचा पै न् पैचा हिशेब मांडणाऱ्या माणसाला तिथली उपासमार दिसली नाही. हुशार माणसं फसतात तेव्हा सगळ्यांच्या दुप्पट फसतात. हे मी त्याला माफ करू शकले नाही, आणि माझ्या माफीवाचून त्याचं अडलेलंही नाही.

गांधींना तो १९३१ मध्येच लंडनला भेटला होता. जानेवारी १९३३ मध्ये जगप्रवासाच्या बोटीतून मुंबईला आला तेव्हा गांधीजी येरवड्यात होते, म्हणून भेट नाही. मुंबईत त्याला आवडली ती जैन मंदिरं. पंचविशीपासूनचा शाकाहारी, दारूला न शिवणारा माणूस, आवडणारच.

बागेच्या टोकाला झाडांआड ती प्रसिद्ध झोपडी आहे. खरं तर लाकडी खोपटं म्हणावं, आठ बाय आठ फुटांचं. आत जाऊ देत नाहीत, काचेतून बघायचं: एक पाट्यासारखं टेबल, वेताची खुर्ची, टाइपरायटर, विजेची शेगडी, टेलिफोन, पहुडायला अरुंद फळी. खोपटं मधल्या आसावर बसवलेलं, म्हणजे आपल्याकडच्या जात्याच्या मधल्या खुंट्यासारखं, त्यावर सगळं घर फिरतं. ऊन सरकलं की बाहेर येऊन खांदा लावायचा, खोपटं उन्हाकडे वळवायचं आणि पुन्हा आत जाऊन लिहायचं. खोपट्याचं नाव ठेवलं होतं 'लंडन'. कुणी भेटायला आलं की नोकरमाणसांनी खोटं न बोलता सांगायचं, साहेब लंडनला गेलेत.

समोरच्या बाकावर डबा उघडला. चटणीचा वास इंग्रज बागेत जरा जास्तच पसरला. धपाटे खाताना भाचीला मी त्याच्या मृत्युपत्राची दुसरी गोष्ट सांगितली. इंग्रजीसाठी नवी लिपी करावी, किमान चाळीस अक्षरांची, एका ध्वनीला एक खूण, यासाठी त्यानं पैसे ठेवले. मृत्युपत्र कोर्टात गेलं, शेवटी तडजोडीत ८,३०० पौंड लिपीच्या वाट्याला आले. लिपी तयार झाली, त्याचं एक नाटक १९६२ मध्ये तिच्यात छापलंही, आणि त्यानंतर इंग्रज पूर्वीसारखेच लिहीत राहिले.

"म्हणजे बाराखडीच पाहिजे होती की त्याला," भाची म्हणाली.

तेच माझ्या डोक्यात घोळत होतं. इंग्रज माणसानं तोंड उघडलं की दुसरा इंग्रज त्याला तुच्छ लेखतो, अशा अर्थाचं शॉनं 'पिग्मॅलियन'च्या प्रस्तावनेत लिहिलंय, आणि त्यासाठी बोट दाखवलंय ते त्यांच्या वर्णमालेकडे. आपल्याकडे तर वर्णमाला हजारो वर्षांची, कंठ-तालू-मूर्धा अशी ओळीनं लावलेली. तिच्यात 'न' आणि 'ण'ला वेगवेगळी घरं आहेत. आणि त्याच घरांवरून पुण्यातलं ते सभागृह मला हसलं. लिपी चोख असली की उलट चूक बोट ठेवून दाखवता येते. मी स्वतः पस्तीस वर्षं दाखवली.

नाटकात मात्र हे शॉला बरोबर कळलं होतं. एलायझाला पहिल्यांदा सभ्य बायकांच्या चहाला नेतात तेव्हा तिचा उच्चार निर्दोष असतो. बोलते मात्र आपली मावशी कशी मेली, बहुतेक कुणीतरी मारलीच, आणि तिच्या नव्या टोपीचं काय झालं, हे. बायका थक्क होऊन ऐकतात. आवाज नवा, आयुष्य जुनंच. पु. लं.ना हे नाटक मराठीत आणताना फार ओढाताण करावी लागली नसणार, कारण चहाच्या असल्या बैठका आपल्या घरोघर होत्या.

१० सप्टेंबर १९५० ला याच बागेत झाडाची छाटणी करताना शॉ पडला, मांडीचं हाड मोडलं. चौऱ्याण्णवाव्या वर्षी झाडं छाटत होता! २ नोव्हेंबरला त्या फोटोंच्या खोलीतच गेला. शार्लट सात वर्षं आधी गेलेली. तिची राख ठेवून दिली होती. दोघांची एकत्र मिसळून याच बागेत, जोन ऑफ आर्कच्या पुतळ्याच्या आसपास पसरली. गुलाब बरे आले होते.

निघताना गावातलं पडकं चर्च बघितलं. अठराव्या शतकात इथल्या जमीनदारानं ते पाडायला काढलं, कारण वाड्यातून दिसणाऱ्या देखाव्याच्या आड येत होतं. बिशपनं अर्ध्यात थांबवलं, म्हणून अर्धं उभं आहे. त्याऐवजी शेतात नवं चर्च बांधून दिलं, ग्रीक देवळासारखं, वाड्याकडे तोंड केलेलं.

परतीची टॅक्सी सांगून ठेवायची राहिली होती आणि फोनला रेंज नव्हती. गावात एकच जुना पब, ब्रॉकेट आर्म्स. तिथं जाऊन भाचीनं फोन मागितला. मी दारातल्या बाकावर बसून ऐकत होते. 'र' गायब, शेपूट वर, "एअट" अगदी एअटसारखं, मधूनमधून हलकं हसू. पलीकडच्या माणसाला वाटलं असेल, कुणी इथलीच बाई आहे. तिनं आभार मानले, फोन ठेवला, बाहेर आली आणि माझ्याशेजारी धपकन बसली.

"यील गं मावशे गाडी, धा मिन्टात. ऱ्हायलंय का एखादं धपाटं?"